जपानी उठला का?

वस्ताद, फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की रेणापुरात आपली तालीम कुठं होती ते आता बोट करून दाखवावं लागतं. पण आज राहवेना. आपला जपानी सापडला, वस्ताद! नातीच्या मोबाईलवर, हलताना, घाम गाळताना!

ते साल आठवा. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि विहिरी कोरड्या पडल्या होत्या. हौद्यातली माती भिजवायला पाणी नाही, ढेकळांवर पाठी सोलून निघायच्या. तेव्हा तुम्ही लिंबाला भुशाचं पोतं टांगलंत आणि म्हणालात, "कुस्तीला पाणी लागतं, बुक्कीला लागत न्हाई. आजपासून बॉक्सिंग!" बॉक्सिंग तुम्हाला तरी कुठं येत होतं? तुमच्या मेहुण्यानं हैदराबादहून आणलेल्या हिंदी मासिकांतला जपानी जगज्जेता, तोच आपला गुरू. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, म्हणून चौथी शिकलेला मी अडखळत वाचायचो: बाप कोळी, अंगानं काडी, कुणी उभं करून घेईना, आणि थोड्याच लढतींत जगाचा पट्टा कमरेला! मग एकामागून एक येणाऱ्यांना त्यानं परत पाठवलं.

"उंची किती रं त्याची?"

"तुमच्याएवढीच, वस्ताद."

त्या दिवशी तुम्ही छाती काढून घरी गेलात.

नव्या जिल्ह्याच्या पहिल्या स्पर्धेला तुम्ही मला लातूरला नेलंत. नाकावर पहिली बुक्की बसली आणि मी जपानी, मासिक, सगळंच विसरलो. गड्याची कंबर धरली, उचलून आपटला आणि छातीवर बसून तुमच्याकडं बघतोय. पंच ओरडतोय, लोक हसून लोळतायत, मला वाटतंय जिंकलो! "येड्या, बाद झालास की! जपान्यानं बघितलं तर काय म्हणंल?" असं खेकसलात, आणि परतीच्या एसटीत रुमालात तोंड घालून हसत होतात.

नंतर जपानी हरला. ती बातमीही मीच तुम्हाला वाचून दाखवली. पट्टा नेणाऱ्याशीच तो पुन्हा लढणार, असं खाली छापलं होतं. त्याच उन्हाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. मी लातूरच्या स्टँडवर पेपर चाळून यायचो आणि तुम्ही बाजेवरून विचारायचात, "जपानी उठला का रं?"

"अजून बातमी न्हाई, वस्ताद."

बातमी आलीच नाही. तुम्ही गेलात.

आज दुपारी नातीनं नेमकी तीच दुसरी लढत लावून दिली. काय चपळाई, वस्ताद! वाकतोय, सटकतोय, त्या पट्टा नेणाऱ्याला भिंगरीसारखा फिरवतोय. मी खुर्चीतच बुक्क्या हाणतोय. नात म्हणते, "आबा, दम धरा की, खुर्ची मोडंल!" एवढ्यात हनुवटीवर एक बसली आणि जपानी खाली. पंच आकडे मोजायला लागला. मी झटकन काचेवर बोट दाबलं. चित्र थांबलं.

"आबा, पुढं लई बाकी हाय."

"असू दे."

अजून तो तसाच आहे, एक गुडघा टेकून, एक हात दोरीकडं नेलेला. नातीला सगळं ठाऊक आहे, पण तिला मी बोलू देत नाही. पुढचं बघायची हिंमत माझ्यात नाही, वस्ताद. हे पत्र कुठल्या पेटीत टाकावं तेही कळत नाही. नात सांगते, तो जपानीही आता हयात नाही. म्हणजे तिकडंच असेल, तुमच्या आसपास. तुमच्याएवढाच आहे, ओळखाल. त्यालाच विचारा, आणि लवकर कळवा: उठला का?