दारातली पिवळी चौकट

४ मार्च

चि. भाऊजींना अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुमचं निम्मं बोलणं खोकल्यात जातं आणि उरलेलं मला ऐकू येत नाही, तेव्हा लिहिलेलं बरं. सोबत फोटो आहेत, हसायचं नाही. ते आपलंच घर आहे, चुन्यात बुडवून काढल्यासारखं दिसत असलं तरी.

आमच्या लेकीचा, ठकीचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे. तिला सातवा महिना लागलाय, डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केलाय आणि जावई दिवसभर कामावर. तेव्हा मी तिकडे जाऊन वर्षभर राहावं आणि घर भाड्याने द्यावं, असं तिने परस्पर ठरवलं. एक शिक्षिका आणि तिचा नवरा घ्यायला तयारही आहेत. ते परगावी राहतात म्हणून त्यांना आधी फोटो हवेत. मी फोटो काढते म्हटलं, येते म्हटलेलं नाही.

भाऊजी, तुम्हीच सांगा, मी जाऊ कशी? हे घरातून निघून गेले त्याला या उन्हाळ्यात तीन वर्षं होतील. शेवटी शेवटी त्यांना पोटच्या पोरीचा चेहरा ओळखू येत नव्हता. तुम्हाला तर ते विमा एजंट समजायचे आणि हप्ता भरलाय म्हणून दारातून घालवायचे. एक माझा चेहरा तेवढा ओळखायचे. उद्या वाट चुकतमाकत ते फाटकाशी आले आणि दारात परकी बाई दिसली, तर आल्या पावली परत फिरतील. म्हणून रोज भर दुपारी, ते गेले त्या वेळेला, शिवण बाजूला ठेवून मी दारात उभी राहते. लोक हसतात. हसोत बापडे.

कॅमेरा ह्यांचाच, तो खिशात मावणारा. एरवी बरा चालतो, पण उन्हात भिंत, पायऱ्या, आकाश, सगळं पांढरंफटक. तुम्ही जन्मभर स्टुडिओ चालवलात, हनुवटी खाली, मान डावीकडे म्हणत अख्ख्या गावाला छळलंत. आता मला शिकवा.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

११ मार्च

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

फोटो पाहिले. हसलो नाही, रडू मात्र आलं. चाळीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाच्या घरातून असे फोटो यावेत! तुमच्या शिवणवर्गातल्या मुलीने बाही उलटी लावली तर तुम्ही तिला काय म्हणाल, ते स्वतःला माझ्या वतीने म्हणून घ्या.

आता ऐका. खरं तर भर दुपारी फोटो काढूच नये. सकाळी काढावा किंवा उन्हं कलल्यावर, सूर्य पाठीशी घेऊन. पण तुम्ही दुपारीच काढणार, मी ओळखतो तुम्हाला. तर मग मागच्या बाजूला अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं बटण आहे, ते दाबून काटा उण्याकडे दोन घरं सरकवा. त्याने कॅमेरा उजेड कमी आत घेतो. फोटो जरा काळपट आला तरी चालेल, काळपट फोटो नंतर उजळता येतो. पांढरा पडला की मात्र पडला. तिथे जे होतं ते गेलं, ते कोणाच्या बापाला परत आणता येत नाही.

दुसरं, उन्हात त्या पडद्यावर काही दिसत नाही आणि माणूस आंधळेपणाने बटण दाबतो. डोक्यावरून काळं कापड घ्या आणि त्याखाली बघा. लोक हसतात म्हणता ना, त्यांना आणखी एक कारण मिळेल.

राहिलं जाण्याचं. दादा आहे, कुठेतरी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परवाच एका आश्रमातून निरोप आला म्हणून दिवसभराचा प्रवास करून गेलो. तो नव्हता. त्याच्यासारखे कान असलेला दुसराच एक म्हातारा होता, मला बघून बिचारा आनंदला. पुन्हा निरोप आला तर पुन्हा जाईन. पण वहिनी, ठकीलाही आईची गरज आत्ताच आहे. दादा आला तर शेजारी आहेत, मी आहे. जा तुम्ही.

काळजी घ्या आणि दिरावर माया असू द्या.

आपला,
भाऊजी

१७ मार्च

चि. भाऊजींना अ. उ. आ.

तुमचे शेजारी आणि तुम्ही! शेजाऱ्यांचे चेहरे हे कधी धड बघतही नसत.

सांगितलंत तसं सगळं केलं. कोटाच्या अस्तराचं काळं कापड डोक्यावर घेतलं आणि काटा उण्याकडे सरकवला. पायरीवरून फाटकाकडे तोंड करून फोटो काढला तर काय सांगू, झाडाचं पान न् पान मोजून घ्यावं! विहिरीचे दगड, वाळत घातलेला टॉवेल, सगळं जिथल्या तिथे. मग फाटकाशी जाऊन घराचा काढला, तर पुन्हा पांढरा. काटा आणखी खाली नेला, पार तळाला नेला, तरी पांढरा. घराचं दार चित्रात आलं की फोटो नासतो, दार नसलं की चांगला येतो. सकाळी दारासकट काढला तर ठीक. संध्याकाळीही ठीक. फक्त दुपारी, माझ्या उभं राहण्याच्या वेळेला नासतो.

आता लिहिते ते शांतपणे वाचा. कापडाखाली पडदा स्वच्छ दिसतो. त्यात माणूस आला की त्याच्या चेहऱ्याभोवती एक चौकट येते. पोस्टमन आला होता तेव्हा पांढरी आली होती. काल दुपारी फाटकाशी उभी राहून पाहिलं, तर उघड्या दाराच्या अंधारात पिवळी चौकट. कॅमेरा खाली केला, दार रिकामं. पुन्हा वर केला, पिवळी चौकट. हलत नव्हती. कोणी आपल्याकडे टक लावून बघावं तशी स्थिर होती.

घरात दुसरं कोणी नव्हतं. भीती वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तरी तशीच चालत गेले आणि दारात जाऊन उभी राहिले. तिथे गार होतं, एवढंच.

भाऊजी, मला वाटतं हे परत आलेत. आणि जिवंत माणूस असा येत नाही, हेही मला कळतं. रात्रभर मी रडले आणि सकाळी उठून ठकीसाठी दुपटी शिवायला घेतली. म्हटलं, वाट बघणं संपलं असेल तर संपलं. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझं मन घेणार नाही. त्या पिवळ्या चौकटीचा अर्थ काय?

लवकर लिहा, दोन ओळी लिहा, पण खरं लिहा.

तुमची,
वहिनी

२२ मार्च

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला. तुम्ही दादाला असं सहज संपवून टाकलंत आणि दुपटी शिवायला बसलात! मग तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसलो, म्हणून उत्तराला दोन दिवस गेले.

या कॅमेऱ्यांना चेहरे शोधायला शिकवलेलं असतं. चेहरा सापडला की कॅमेरा बाकीचं जग सोडून त्या चेहऱ्यापुरता उजेड मोजतो. चेहरा सावलीत असेल तर तो दिसावा म्हणून उजेड वाढवतो, आणि बाहेरचं ऊन मग पांढरं पडतं. तुमचे फोटो का नासतात ते यावरून कळलं. पांढरी चौकट म्हणजे कोणाचाही चेहरा. पिवळी म्हणजे ओळखीचा, कॅमेऱ्यात आधी साठवून ठेवलेला. म्हणजे तो कॅमेरा दारातल्या कोणाला तरी ओळखतो.

यंत्रं चुकतात, वहिनी. माझ्या स्टुडिओत एका कॅमेऱ्याने कुंडीला चेहरा समजून चौकट काढली होती. पण ती पांढरी होती, हेही सांगतो.

तुमचा फोटो भिंगाखाली घातला. दारात कोणी नाही, पण कॅमेऱ्याने नजर रोखली आहे ती दाराच्या डाव्या चौकटीशी, कडीच्या जरा खाली; तेवढीच जागा रेखीव आली आहे. दादा त्या दारातून वाकून आत यायचा. इतक्या खाली त्याची छाती आली असती, चेहरा नाही. ही एवढी एक गोष्ट धरून मी बसलो आहे.

कॅमेऱ्याच्या यादीत शेवटून दुसरं नाव चेहऱ्यांचं आहे. तिथे साठवलेले चेहरे दिसतील. ते बघा आणि मग ती सोय बंद करून टाका, म्हणजे फोटो चांगले येतील. मी स्वतः येऊन पाहिलं असतं, पण धीर होत नाही. तिथे दादाचा चेहरा दिसला तर मी पुढच्या निरोपाला कुठल्या तोंडाने जाऊ?

जे असेल ते कळवा आणि या भित्र्या दिराला पदरात घ्या.

आपला,
भाऊजी

२८ मार्च

चि. भाऊजींना अ. उ. आ.

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. तो चेहरा ह्यांचा नाही. पुढचा निरोप आला की खुशाल जा.

यादीत एकच चेहरा आहे, तो माझा. उन्हात डोळे बारीक केलेला, केस विस्कटलेला, तोंड वाकडं केलेला, आणि तो दारातच काढलेला. ती दुपार मला आठवली. कॅमेरा नवा होता. डाव्या चौकटीला टेकून मला उभं केलं होतं आणि इकडे बघ, तिकडे बघ चाललं होतं. माझी भाजी करपली म्हणून मी वैतागले होते. तेव्हा हे म्हणाले की मी विसरलो तरी हा तुला विसरणार नाही. मला वाटलं, नव्या खेळण्याचं कौतुक चाललंय. स्वतःला काय होतंय ते त्यांना आपल्याआधी कळलं होतं, भाऊजी, आणि साठवायला चेहरा एकच घेतला, माझा.

मग मी दारात जाऊन मोजून पाहिलं. मी टेकून उभी राहते तेव्हा माझं तोंड कडीच्या जरा खाली येतं. तिथला रंग माझ्या खांद्याने घासून गेलाय.

काल दुपारी मी फाटकाशी, कापडाखाली, आणि दारात पिवळी चौकट. पुष्कळ वेळ बघत राहिले. आता भीती वाटली नाही. तीन वर्षं जी रोज तिथे उभी राहिली ती मीच ना? ती तिथून हलायची नाही, हे मला कळलं. तिला भूक नाही, लेक नाही, येऊ घातलेलं नातवंड नाही. मला आहे.

तुम्ही सांगितलंत तशी चेहऱ्यांची सोय बंद करून फोटो काढले. सुरेख आले, ते भाडेकरूंना पाठवले. मग ती सोय पुन्हा सुरू करून ठेवली. शिक्षिकाबाईंना एकच अट घातली आहे, की दुपारी पुढचं दार उघडं ठेवायचं आणि डाव्या चौकटीशी काही ठेवायचं नाही. बाईंनी कारण विचारलं. वारा येतो म्हणून सांगितलं.

रविवारी मी ठकीकडे निघते आहे. दुपारच्याच गाडीने. हे आले तर दारात त्यांच्या ओळखीचं माणूस आहे.

नव्या पत्त्यावर लिहा, आणि मी दूर गेले म्हणून माया आखडती घेऊ नका.

तुमची,
वहिनी