टॉकीजची भिंत

सारसोळे,
नोव्हेंबर १९९८

दीपेश,

तेराव्याला तू मला मागच्या दारी गाठलंस आणि विचारलंस, "ताई, बाबा त्या पडक्या टॉकीजमधी गेलेच कशाला? माझ्यामुळं नाय ना?" मी म्हटलं, "नाय रे. मशीन आनायला गेलते." तू तिथेच बसून रडलास.

बाबांनी आयुष्यभर त्या टॉकीजमध्ये सिनेमाची मशीन चालवली. तू गावात केबल टाकलीस, लोक घरीच सिनेमे बघू लागले आणि मालकाने कुलूप लावलं. बाबांनी तुला घराबाहेर काढलं, तू जासईला बिऱ्हाड केलंस. पुढचं तुला कुणी सांगितलं नाही.

मशीन गेल्या वर्षीच भंगारात गेली. टेम्पोत चढवायला बाबांनीच हात लावला होता.

टॉकीज पाडायला बुलडोझर आला तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. पडद्यामागची भिंत हलायला लागली, तसे ते बाजूच्या दाराने आत शिरले आणि पुढच्या रांगेतल्या एका मोडक्या खुर्चीवर जाऊन बसले. मी दारातून ओरडले, "बाबा, भायेर या! भिंत पडते!"

त्यांनी वळून बघितलं. "तू घरी जा, चंदा," एवढंच म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

हे पत्र मी तुला धाडणार नाही. तू पुन्हा विचारलंस तरी मशीनचंच सांगेन. त्या दारातून माझ्याशिवाय कुणीच आत बघितलं नव्हतं.

तुझी,
चंदाताई