दगडी कासव

मुलुंड,
६ जानेवारी २०२५

चि. कुंदास,
अ. उ. आ. वि. वि.

परवा दुपारी जरा डोळा लागला आणि कानात वाजलं, टण्ण! अण्णांची पितळी थाळी. लहानपणी दसऱ्याला सोनं वाटून झालं की अण्णा आपल्याला सगळ्या भावंडांना ओळीनं उभं करून कविता म्हणायला लावत. अडखळलं कुणी की चमचा थाळीवर, गडी बाद. त्या वर्षी चंदूनं माझी कविता स्वतःची म्हणून ठोकली. मग माझी पाळी आली. मी तीच सुरू केली, तर अण्णांनी पहिल्याच ओळीला थाळी वाजवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, चुलत भावाची कविता चोरतोस? तेव्हापासून चारचौघांत माझ्या तोंडून कविता फुटलेली नाही. आणि चंद्रप्रकाशराव आजही लग्नामुंजीत माइक धरून तीच म्हणतात:

गोदाकाठी ऊन उतरता कासव दगडी होई जागे;
पाठीवरती बसुनी त्याच्या मीही फिरतो लाटांमागे.

आता ऐक. आमच्या केयूरनं घरच्या सगळ्यांची नाशिकची सहल ठरवली आहे. सकाळी जुन्या गल्ल्यांतून खजिन्याचा शोध, दुपारी द्राक्षमळ्यात वाइन चाखणं. कोडी रचायला आजोबा! शेवटचं कोडं तयार आहे: आपल्या कविराजांचं दगडी कासव शोधा. सगळे चंदूच्याच मागे धावणार. नातवाला यातलं काही माहीत नाही. तूही बोलू नकोस.

गुडघ्याची काळजी घे, आणि या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा नंदूदादा

बोरिवली,
१२ जानेवारी

ती. नंदूदादास,
सा. न. वि. वि.

तू तर अगदीच पेटला आहेस रे! ते कासव मला पक्कं ठाऊक आहे. नाशिकच्या आपल्या आजोळच्या मागच्या बोळातला, नदीकडे उतरताना लागणारा धुणं धोपटायचा दगड. तू मला त्याच्यावर बसवून गोष्टी सांगायचास. चंदूदादा एका मे महिन्यात आला होता, पण त्या बोळात फिरकला नाही. साबणाच्या पाण्याची किळस यायची त्याला. त्या दसऱ्याला मी ओरडून सांगितलं होतं, कविता दादाची आहे म्हणून. पण चिमुरडीचं ऐकतो कोण?

मी बरोबर असते तर तुला अडवलं असतं. छे, कशाला खोटं बोलू? खुर्ची ओढून समोर बसले असते! एकच सांगते. चंदूदादाची नात गार्गी हीच कविता शाळेच्या स्पर्धेत म्हणणार आहे, आमच्या आजोबांची म्हणून. पोर फार गुणी आहे. तिला भाजू नकोस.

वाइन बेतानं घे. बहिणीची आठवण मात्र भरपूर ठेव.

कुंदा

मुलुंड,
३ फेब्रुवारी

चि. कुंदास,
अ. उ. आ.

जमलं! मी सकाळीच जाऊन त्या दगडावर बसलो. आता कुणी तिथं धुणं धूत नाही, बाजूला तुळशीची कुंडी आहे. चंदू सगळ्यांना घेऊन देवळामागून देवळं पालथी घालत होता. सभामंडपात कासव दिसलं की हेच म्हणायचा, आणि केयूर नाही म्हणून मान हलवायचा, कारण पाठीवर बसता येईल असं एकही नव्हतं. माझ्यासमोरून चंदू दोनदा गेला गं! दुसऱ्यांदा तर हात हलवून, बसलास का रे दमून, म्हणाला.

वेळ संपल्यावर मी उठलो आणि दगड दाखवला. गार्गीनं विचारलं, आजोबा, कविता तुमची, मग कासव नंदूआजोबांना कसं माहीत? चंदू म्हणाला, वय झालं, विसरलो.

मळ्यात प्याले आले. आधी वास घ्या, मग घोट घ्या, असं तिथली मुलगी समजावत होती. मला ती वाइन दौतीतल्या शाईसारखी लागली. शोधात भांडीबाजारातून एक पितळी थाळी आणायची होती, ती मी मांडीवर घेतली आणि चंदूला म्हटलं, होऊन जाऊ दे, पूर्ण म्हण. दोन कडवी झाली. तो थांबला. मी म्हटलं, पुढचं? तिसरं कडवं त्या दसऱ्याला मी कुणालाच दाखवलं नव्हतं. चंदू प्याल्यात बघत राहिला, आणि मी चमचा हाणला. टण्ण!

कुंदे, काय झोप लागली त्या दिवशी! माझ्या आनंदात तूही वाटेकरी हो.

नंदूदादा

बोरिवली,
९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाचून टाळी वाजवली, मग चष्मा काढून बसले. गार्गीनं स्पर्धेतून नाव मागे घेतलंय. आजोबांशी बोलत नाही. चंदूदादा परवा इथं येऊन बसला होता. म्हणाला, नंद्यानं म्हातारपणी माझी वाट लावली. मी म्हटलं, मग जा आणि सगळ्यांसमोर खरं सांग. तो चहा तसाच टाकून उठला.

तू जिंकलास, दादा. पण त्या पोरीचं काय? रागावलास तरी उत्तर धाड.

कुंदा

मुलुंड,
१४ फेब्रुवारी

चि. कुंदास,
अ. उ. आ.

मला पश्चात्ताप झालेला नाही, उगाच वाट बघू नकोस. मला चोर म्हटलं ते सगळ्यांदेखत. त्यानंही सगळ्यांदेखतच सांगायला हवं. गार्गीचं वाईट वाटतं, पण तिचा आजोबा मी निवडलेला

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात गार्गी! घाटकोपरहून आली, काखेत तीच थाळी. म्हणाली, नंदूआजोबा, मला तिसरं कडवं शिकवा. स्पर्धेत पुन्हा भाग घेतलाय. पूर्ण म्हणणार, आणि आधी तुमचं नाव घेणार. मी विचारलं, एकटी आलीस? तर म्हणाली, आजोबा खाली रिक्षात बसलेत, जिना चढायचं धाडस होत नाही.

मी म्हटलं, शिकवतो. पण आधी त्यांना वर आण. कविता ते समोर उभं राहून ऐकतील. पहिल्यांदा मी म्हणणार.

ती खाली गेली आहे. जिन्यावर दोघांची पावलं ऐकू येताहेत, एक भराभर, एक थांबत थांबत. अडखळलो तर वाजवायला थाळी टेबलावर ठेवली आहे. चमचा मात्र चंदूच्या हाती देणार नाही.

नंदूदादा