बाँब पडले की टाकले

सोलापूर,
गुरुवार

ती. वच्छलाआत्याला भाचा शिवराजचा नमस्कार, आणि तो तू मानशील अशी आशा.

इकडं सगळे बरे आहेत. वैजयंतीचा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो, एरवी शांत असतो. अकलूजला तुझी साखर (रक्तातली म्हणतोय, कारखान्यातली नव्हे) आटोक्यात असेल. सोमवारपासून तू माझा फोन उचलून शेजारणीच्या हातात देतेस, ती म्हणते, आत्या देवळात गेल्यात, आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र लिहितोय. पत्र शेजारणीला वाचायला देऊ नकोस म्हणजे झालं.

राग आबांच्या फोटोवरून आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या माजी सैनिक मंडळाच्या संग्रहालयात (म्हणजे कापडदुकानावरची एक खोली आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो) दुसऱ्या महायुद्धाची एक भिंत करायची ठरली, तेव्हा तू आपल्या वडलांचा फोटो स्वतःच्या हातानं खिळ्यावरून काढून दिलास. वर बजावलंस, माझ्या बापाला खुनी म्हनलात तर आल्या पावली फोटो घिऊन जाईन. आबा युद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर विमानांच्या पोटाखाली बाँब अडकवायचं काम करत, हे सगळ्या भावकीला तोंडपाठ. ते बाँब पुढं कुठं जायचे, हे भावकीनं कधी विचारलं नाही. कुणी विचारलंच तर आबा म्हणायचे, आमी नुसतं अडकवायचो, सोडायचा सायेब. आणि चहा मागायचे.

आमचे अध्यक्ष शिवलिंगप्पा (रिटायर्ड सुभेदार, घरी बायकोला कन्नडमध्ये घाबरतात आणि मंडळात आम्हाला मराठीत घाबरवतात) यांना भिंतीसमोर एक बाँब हवा होता, लोकांना शेजारी उभं राहून सेल्फी काढता यावी म्हणून. खरा कोण देणार? मग त्यांच्याच न्हाणीघरातला अंघोळीच्या पाण्याचा जुना बंब एमआयडीसीत नेला, त्याला मागं पत्र्याचे पंख जोडले आणि हिरवा रंग मारला. येताना चौकात हवालदारानं टेम्पो अडवून विचारलं, मागं काय हाय? टेम्पोवाला सरळ माणूस, बाँब हाय म्हणाला. उरलेली सकाळ आम्ही पोलीस चौकीत बंबाचं झाकण उघडून आतली राख दाखवत होतो. साहेबांची खात्री पटली, पण त्यांच्या सदऱ्यावर राख उडाली ती उडालीच.

खरं भांडण पाटीवरून पेटलं. मंडळात शमशादआपा आहेत, उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या बाई, भाऊ फौजेत होता म्हणून सभासद. त्यांचे दादा, म्हणजे वडलांचे वडील राजेसाब, तिकडं ब्रह्मदेशातल्या एका बाजारगावात आपल्या सोलापुरी चादरी विकायचे. जपान्यांची कोठारं बाजाराला लागून होती. आपल्या बाजूची, आबांच्याच तळावरची विमानं कोठारांवर आली आणि बाजारही गेला. राजेसाब चादरींच्या गठ्ठ्यांसकट तिथंच राहिले. आणि शिवलिंगप्पांनी पाटीवर काय लिहून आणावं? तर, आमच्या विमानांनी शत्रूवर बाँबचा वर्षाव केला.

आपा म्हणाल्या, "वर्षाव म्हंजे पाऊस झाला व्हय? मग आमच्या दादांनी छत्री न्यायला पायजे हुती की."

शिवलिंगप्पांनी खोडून लिहिलं, काही बाँब बाजारावर पडले. आपा म्हणाल्या, पडले न्हाय, टाकले. झालं, मंडळ तिथंच रुतलं. आता आत्या, आपल्या बोलण्यात ही एक सोयच आहे. आपल्या घरात कुणी कधी कप फोडलेला नाही, तो फुटतो. दूध उतू जातं, भाजी लागते. वैजयंतीच्या माहेरची लोणच्याची बरणी माझ्या हातात होती हे खरं, पण 'पडली' असंच मी आजवर सांगत आलो (आणि तिनंही ऐकून घेतलं, गरीब बाई). पण बरणी वेगळी आणि माणूस वेगळं. शिवलिंगप्पा म्हणाले, तेव्हा बाँब टाकले नसते तर जपानी सोलापुरात येऊन बसले असते. त्यांचंही खोटं नाही, हीच तर पंचाईत. मला दोघांचंही पटत होतं, आणि लई वाईट वाटत होतं. आपांच्या तोंडाकडं बघवेना आणि भिंतीवर बघावं तर आबा.

शेवटी मीच लिहिलं, आबांचं नाव घालून: "कोंडीबांनी बाँब अडकवले. साहेबांनी ते टाकले. ते बाजारावर पडले. बाजारात सोलापूरचे चादरवाले राजेसाब मारले गेले." (शिवलिंगप्पांनी 'वारले' सुचवलं. आपांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.) खुनी हा शब्द कुठं आहे का, सांग. पण हेच मी तुला सोमवारी फोनवर वाचून दाखवलं, तू 'फोटो घिऊन जाते' म्हणालीस आणि तुझ्या खोकल्याला सुरुवात झाली.

सगळ्यांनी क्रियापदांवर सह्या केल्या आणि पाटी पेंटर रेवणसिद्धकडं गेली. आम्ही क्रियापदांवर इतके भांडलो की नामाकडं कुणी बघितलंच नाही. पाटी रंगून आली: कोंडीबांनी बोंब अडकवले. साहेबांनी ते टाकले. शिवलिंगप्पांनी जी मारली ती मात्र शुद्ध होती, खालच्या कापडदुकानातली गिऱ्हाइकं रस्त्यावर आली.

बाकी क्षेम. वेळेवर गोळ्या घे.

तुझा,
शिवराज

ता. क. वरचं वाचताना मी तुझी परवानगी मागतोय असं वाटलं असेल, तर तसं नाही. पाटी दुरुस्त होऊन लागलीसुद्धा. एक शब्द बदलणार नाही.

ता. क. फोटो तुझा आहे. न्यायचा असेल तर रविवारी ये, मीच स्टुलावर चढून काढून देतो. पण आधी पाटी वाच, आपल्या डोळ्यांनी.

ता. क. खरं म्हणजे हे पत्र शमशादआपांनी लिहायला लावलंय. तू फोटो नेणार म्हटल्यावर मला वाटलं, त्यांना बरंच वाटेल. तर त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आत्यांना हात जोडून सांगा, न्हेऊ नका. सायबाचा फोटो न्हाय, नाव न्हाय. कोंडीबांचं तेवढं तोंड हाय भिंतीवर. ते गेलं की आमचे दादा परत आपोआपच मेले."