पुढच्या डोलकाठीचे खालचे शीड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, रसायनशास्त्राची पदवीधर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला जहाजाच्या डॉक्टरांनी दिला आहे. दादाचे मत वेगळे आहे, पण ते कायद्यात धरत नाहीत. कुणी धाक दाखवून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही.

उद्या मी समुद्राचे पाणी तपासणाऱ्या एका जहाजावर अकरा महिन्यांसाठी कामाला जात आहे. जाणाऱ्या प्रत्येकाने मृत्युपत्र बंद पाकिटात ठेवून जावे असा तिथला नियम आहे. कचेरीतल्या कारकुनाने छापील नमुना दिला, त्यात तीन ओळी मोकळ्या होत्या. बहुतेक जण "सगळे आईला" एवढे लिहून सही करतात, असे तो म्हणाला. मी म्हटले, मला आई नाही, आत्या आहे. त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "मग जास्तीचे कागद घेऊन जा."

कारण असे की मी काही लिहून ठेवले नाही, तर माझे जे काही आहे ते दादाकडे जाईल. वारसांच्या यादीत आत्या फार खाली येते. आमच्या घरात तसे नाही. मी अकरा महिन्यांची असताना आई गेली आणि बाबांची मोठी बहीण पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे आली. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत.

पहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत माझा अर्धा वाटा आहे. आत्या असेपर्यंत तो आत्याचा, तिच्यानंतर दादाचा. खिडकीखालचे शिवणयंत्र तिथून हलवू नये. त्या जागेची वहिनीने फ्रीजसाठी दोनदा मापे घेतली आहेत, हे मला माहीत आहे. वहिनी मनाने चांगली आहे आणि फ्रीज मोठा आहे, दोन्ही मान्य. पण फ्रीजला उजेड लागत नाही, आत्याला लागतो.

दुसरे. बँकेत जे असेल ते आत्याचे. त्यातून तिने आधी डोळे तपासून घ्यावेत. तिला सुईचे नेढे दिसत नाही, हे ती कबूल करणार नाही. "हल्ली सुयाच वाईट येतात," असे म्हणेल. ऐकू नये.

तिसरे. माझ्या पदवीचा कागद, चौकटीसकट, दादाला. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि दुकानांना माल पोचवणारी गाडी चालवायला घेतली, म्हणून माझी शाळा चालू राहिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. पदवी दुसऱ्याच्या नावावर करता येते का, असे मी कारकुनाला विचारले. तो म्हणाला, पदवी देता येत नाही, कागद देता येतो. तर कागद देते. बाकीचे दादाने समजून घ्यावे.

चौथे. बाबा फर्निचरच्या दुकानात सुतार होते. त्यांची हत्यारे, रंधे आणि पटाश्या, दादाकडेच आहेत आणि दादाकडेच राहावीत. माझी अट एकच: पटाशीने रंगाचे डबे उघडू नयेत. हे मी पाच वर्षे तोंडी सांगत आहे, आता लेखी. माझा प्रयोगशाळेतला बारीक चिमटा आणि भिंग आत्याला. तसेही ती दोन्ही तिच्याच डब्यात असतात.

पाचवे. जहाज.

काचेच्या कपाटातले तीन डोलकाठ्यांचे जहाज बाबांनी सहा वर्षे रोज थोडे थोडे केले आणि जाण्याआधी दादाच्या देखत मला दिले. पण बाबांना ते सगळे देता येत नव्हते. लाकूड त्यांचे होते, शिडे आत्याची. म्हणून या कलमात मी "देते" असा शब्द वापरत नाही. लाकूड मी आत्याला देते आणि बारा शिडे तिला परत करते. जहाज विकू नये. दुकानाच्या मालकांनी ते दर्शनी भागात ठेवायला मागितले होते. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे.

आत्या शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवत असे. एकतीस वर्षे कॉलर, फक्त कॉलर. बाही कशी लावतात हे कारखान्याने तिला कधी विचारले नाही. बाबांनी जहाजाचा सांगाडा दाखवून "ताई, याला शिडं लागतील," म्हटले, तेव्हा तिने जहाज चारही बाजूंनी पाहिले आणि जुनी ट्रंक उघडली. ट्रंकेत दादाचे आणि माझे लंगोट होते, पुसायला म्हणून ठेवलेले. नवी मलमल ताठ असते, ऐकत नाही. शेकडो वेळा धुतलेली हवी, असे तिचे म्हणणे. ते लंगोट तिनेच धुतलेले होते, तेव्हा तिला हिशोब ठाऊक होता. बाबा पुढे पाहुण्यांना सांगत, "आमचं जहाज अजून बंदरातून हललं नाही, पण शिडांनी पाणी फार पाहिलंय."

ती कापडावर पेन्सिल लावत नसे. एक दोरा ओढून काढायची. तो निघाला की कापडात सरळ रेघ पडायची, त्या रेघेवर कापायची. टाके हाताने. यंत्रावर का शिवत नाहीस, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, "मशीनचा टाका या जहाजावर म्हणजे मुंगीच्या पायात गमबूट." रंगासाठी कोऱ्या चहाच्या पाण्यात तीनदा बुडवायची, कारण पांढरे शीड दवाखान्याच्या चादरीसारखे दिसते. कडेने जी दोरी शिवायची ती कापडापेक्षा केसभर आखूड घ्यायची. त्यामुळे कड जरा आवळली जाते आणि शीड आपोआप पोटाशी फुगते. मी रसायनशास्त्र शिकले आहे, थोडे भौतिकशास्त्रही. बंद कपाटात, वारा नसताना, आठ शिडांत वारा भरलेला मी फक्त तिच्या हातचा पाहिला आहे.

उरलेली चार शिडे गुंडाळलेली आहेत. सहाव्या कलमाचा संबंध त्यांतल्या एकाशी आहे.

सहावे. जाहीर कबुली.

मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वाचनालयातल्या एका पुस्तकात मी वाचले की जहाजाच्या लहान प्रतिकृतीवर गुंडाळलेले शीड दाखवायचे असेल, तर पूर्ण मापाचे कापड घेत नाहीत. गुंडाळी फार जाड होते. म्हणून कारागीर शीड एक तृतीयांशच कापतात आणि गुंडाळून बांधून टाकतात. मला हे अप्रामाणिक वाटले. त्या काळात मला पुष्कळ गोष्टी अप्रामाणिक वाटत. मी घरी येऊन आत्याला विचारले, तूही असेच केलेस का?

ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "कोण उघडून बघणार आहे, मास्तरीणबाई?"

मी ते उत्तर म्हणजे गुन्ह्याची कबुली धरली. पुढच्या रविवारी आत्या जादा पाळीला गेली होती, बाबा गिऱ्हाइकाकडे कपाट बसवायला. मी काच उघडली आणि पुढच्या डोलकाठीवरच्या सर्वांत खालच्या, सर्वांत मोठ्या शिडाच्या आठही गाठी सोडल्या.

शीड खाली येऊ लागले. तिसरा हिस्सा आला, तिथे ते संपेल म्हणून मी थांबले. ते येतच राहिले. अर्धे आले, पाऊण आले, डेकच्या वर दोन बोटे येऊन थांबले. पूर्ण शीड. पट्ट्यांच्या शिवणी शेवटपर्यंत, कडेची दोरी शेवटपर्यंत, वाऱ्यात शीड आखडायला असतात त्या बारीक दोऱ्यांची रांगही जागच्या जागी. मी हात मागे धरला तर कापडातून तळहाताच्या रेषा दिसल्या. भिंगातून पाहिले तेव्हा कळले: तिने कापडातला दर तिसरा दोरा उपसून काढला होता, उभाही आणि आडवाही, आणि तरी वीण सरकू दिली नव्हती. म्हणून एवढे मोठे शीड पेन्सिलीइतक्या गुंडाळीत मावले होते. चार महिने ती कामावरून आल्यावर खिडकीशी बसून काहीतरी उसवत असे, ते हे. मला वाटायचे, चिंधी उसवते आहे.

मी दोन तास ते परत गुंडाळायचा प्रयत्न केला. गुंडाळी अंगठ्याएवढी झाली. तशीच बांधली. आत्या घरी आल्यावर कुणी काही विचारायच्या आत मीच म्हटले, हवा दमट आहे, कापड फुगले असेल. आत्याने कपाटाकडे पाहिले आणि पिशवीतली भाजी काढून ठेवली.

त्याच आठवड्यात हौशी कारागिरांचे प्रदर्शन होते. परीक्षक एक निवृत्त कप्तान होते. जहाजाला दुसरे बक्षीस मिळाले. सोबत त्यांच्या हातची चिठ्ठी: "लाकूडकाम उत्कृष्ट. शिडे उत्तम. मात्र पुढच्या डोलकाठीचे खालचे शीड गुंडाळताना शिवणाऱ्याचा हात घाईत होता." बाबांनी घरी ती मोठ्याने वाचली. मी समोर बसले होते. आत्या म्हणाली, "हो, झाली घाई."

बाबांनी कौतुकाने ती चिठ्ठी कपाटाच्या आतून चिकटवली आणि त्या दिवसापासून आत्याला "घाईबाई" म्हणू लागले. प्रेमाने म्हणत. मग शेजारीही म्हणू लागले. जी बाई दर तिसरा दोरा मोजून काढते तिला घाईबाई. दोन वर्षांनी बाबा गेले, ते त्यांच्या बहिणीचा हात एकदा घाईत होता असे समजूनच गेले. त्यांना आता मी काही सांगू शकत नाही.

म्हणून या कागदावर, जिथे खोटे लिहिले तर सगळाच कागद बाद होतो असे मी मानते, मी लिहिते: ते शीड माझ्या आत्याने निर्दोष गुंडाळले होते. ते मी, तिच्या नकळत, तिच्यावर संशय घेऊन उघडले आणि वाईट गुंडाळले. खोटे मी बोलले आणि बोल तिने घेतला. कप्तानांची चिठ्ठी कपाटातून काढावी आणि तिच्या जागी हे कलम लावावे. कप्तानांवर मी काही वर्षे राग धरला होता, तो मागे घेते. त्यांनी जे दिसले ते लिहिले. मी पाहिलेले लपवले.

सातवे. पुरवणी, आजच जोडलेली.

वरचे कलम मी खिडकीखाली, यंत्राच्या फळीवर लिहीत होते. आत्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, एवढं काय लिहितेस, वाचून दाखव. माझ्या मनात होते की हे तिने मी नसताना वाचावे. पण तिला विचारल्यावर नाही म्हणता येईना, म्हणून वाचले. पहिल्यापासून. फ्रीजपाशी ती हसली. सहाव्या कलमाला तिने हातातले कापड खाली ठेवले. मी वाचून संपवले.

मग म्हणाली, "आठही गाठी डावखुऱ्या होत्या. या घरात डावखुरं कोण आहे?"

मी विचारले, मग सात वर्षे बोलली का नाहीस.

"काय बोलायचं? मी म्हटलं होतं ना, कोण उघडून बघणार आहे. तू बघितलंस." तिने चष्मा पुसला. "चार महिने घातले होते गं मी त्यात. कुणीतरी बघावं असं मलाही वाटत होतंच की."

आणि कप्तानांची चिठ्ठी काढायची नाही, असे तिने बजावले. त्यात तिच्या भावाला उत्कृष्ट म्हटले आहे. माझा कागद हवा तर शेजारी लाव, म्हणाली. म्हणून सहाव्या कलमातली ती सूचना मी बदलते: चिठ्ठी राहील, हे कलम तिच्या शेजारी लागेल.

मी उठून खळीची वाटी, चिमटा आणि भिंग आणले. म्हटले, तू सांग, मी तुझ्यासमोर गुंडाळते. दिवस अजून आहे, जायच्या आत नीट करून टाकू. तिने काचेचे दार लावून घेतले.

"आज नाही. आल्यावर."

"आत्या, अकरा महिने ते असंच राहील."

"राहू दे जाड. ओल्या बोटांनी दोरा दोरा बसवत न्यावं लागतं, ते काय घाईत शिकायचं आहे? परत ये, मग शिकवते." आणि खळीची वाटी उचलून मोरीत नेऊन विसळली.

आठवे आणि शेवटचे. पाचव्या कलमात मी जहाज बारा शिडांसकट आत्याच्या स्वाधीन केले आहे. त्यात दुरुस्ती करते. अकरा शिडे आत्याची. पुढच्या डोलकाठीचे सर्वांत खालचे शीड या मृत्युपत्रातून वगळले आहे. ते मी कुणालाही देत नाही. मला त्याचे काम आहे.

सही (डाव्या हाताची):
आत्याची मास्तरीण

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई
२. बाबांच्या दुकानातले पॉलिशवाले काका (यांनी मजकूर वाचलेला नाही; जहाज मात्र पुन्हा एकदा पाहिले)

ठिकाण: आत्याची खिडकी
दिवस: निघण्याच्या आदला दिवस, रविवार, उजेड आहे तोवर