व्हायोलाचा जास्तीचा खण

४ नोव्हेंबर, सोमवार

पेपरात धाकटीचा फोटो. पाव पान! मान कलती, व्हायोला हनुवटीखाली, केस नुकतेच रंगवलेले — चौऱ्याहत्तराव्या वर्षी. खाली ठळक अक्षरांत तिचं वाक्य: ‘तो शेवटचा सूर मास्तरांनी माझ्यासाठी लिहिला.’

माझ्यासाठी म्हणे.

मुलाखत दोनदा वाचली. शुद्धलेखनाच्या अकरा चुका. छापखान्यात बत्तीस वर्षं प्रुफं तपासली मी. असला मजकूर माझ्या टेबलावरून पुढे सरकला नसता. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मी आहे — ‘त्यांची एक बहीणही काही काळ वर्गात होती.’ काही काळ! सात वर्षं.

यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "फोटो छान आलाय." या माणसाबरोबर मी एक्कावन्न वर्षं काढली आहेत.

५ नोव्हेंबर

धाकटीचा फोन. "ताई, पेपर बघितलास?" म्हटलं, आमच्याकडे तो येत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस झाले, जळजळ जात नाही. मनातलं लिहून काढा म्हणजे रक्तदाब उतरतो, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. उतरू दे.

मास्तर ज्यू होते. त्यांच्या देशात ज्यूंना आधी वाद्यवृंदांतून काढलं, मग शाळांतून, मग घरांतून. मास्तर एक ट्रंक आणि एक व्हायोलिन घेऊन बोटीत चढले. त्यांची आई म्हणाली, तू पुढे हो, मी घराचं बघते आणि येते. ती आली नाही. काही दिवस पत्रं आली, मग तीही थांबली. हे त्यांनी आम्हांला कधी सांगितलं नाही. शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टरने सांगितलं, आणि वर ‘विचारलंत तर कान उपटीन’ म्हणून दमही भरला.

नन्सनी त्यांना आमच्या कॉन्व्हेंटमध्ये संगीत शिकवायची नोकरी दिली. प्रार्थनेच्या वेळी ते चॅपलबाहेर व्हरांड्यात थांबायचे. मदर सुपिरियर आतून त्यांच्यासाठी खुर्ची पाठवायच्या. दोघांनीही त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही.

बावीस वर्षं त्यांनी मुलींच्या बेसूर गजांखाली काढली आणि त्यात मोठं असं एकच लिहिलं. फक्त तारांच्या वाद्यांसाठी — व्हायोलिनं, व्हायोला, चेलो आणि भिंतीला टेकलेला तो अगडबंब बास. हल्ली लोक त्यातही अर्थ शोधतात. ‘परागंदा माणसाचा श्वासच कोंडला होता, म्हणून फुंकायची वाद्यं नाहीत’ वगैरे. खरं कारण मला विचारा. मुलींनी गाल फुगवून काही फुंकणं मदर सुपिरियरना अशोभनीय वाटायचं. संपलं.

शाळेत व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोराड बहीण, एकच होती. मला हवी होती. मास्तरांनी माझा पंजा आपल्या पंजाला लावून पाहिला. म्हणाले, "हात लहान आहे." मग माझी वही उघडली. "पण अक्षर बघ!" झालं. व्हायोला धाकटीला — सोळा वर्षांची आणि ताडमाड. मला टाक आणि दौत. मास्तरांच्या वहीत सगळी वाद्यं एकाखाली एक लिहिलेली असायची. तिच्यातून प्रत्येकीची वेगळी पानं मी काढायची. शिवणाच्या खोलीत, दुपारी, खिडकीशी. बारा जणींची पानं, सगळी माझ्या हातची. पुढे मास्तर आणखी एका देशात गेले, तिथेच संसार केला, तिथेच वारले. ती मूळ वही ते घेऊन गेले. आमच्या वर्गाचा आता गावाचा वाद्यवृंद झालाय, पण अठ्ठावन्न वर्षं वाजतात ती माझीच पानं. हे कुठल्या पेपरात नाही.

शेवटी सगळे एकदम थांबतात आणि एकटी व्हायोला उरते. एकच सूर, चार मोजेपर्यंत. लोक डोळे पुसतात. ‘मागे राहिलेली आई’ म्हणतात त्याला. आणि ती आई दरवेळी कोणाच्या गजातून येते? पुढच्या रांगेत, दिव्याखाली, मान कलती करून बसलेल्या बाईच्या.

एवढ्या संगीतात एक टिंब माझ्यासाठी असतं तर मी जन्मभर आणखी काही मागितलं नसतं.

रक्तदाब उतरला नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

काडीवाल्याचा फोन. वाद्यवृंदापुढे हातात काडी घेऊन उभा राहतो तो तरुण साहेब. मी त्याला मनातल्या मनात काडीवाला म्हणते, अजून तोंडावर निसटलेलं नाही.

मास्तरांच्या मुलीला मूळ वही सापडली आहे! कपाटात, चादरींच्या खाली. तिने सगळ्या पानांचे फोटो पाठवलेत. आता पुस्तक छापायचं आहे. चोवीस तारखेला मास्तरांच्या स्मरणाचा कार्यक्रम, त्याला ती स्वतः येणार. त्याआधी आपली पानं वहीशी ताडून बघायला हवीत. "मावशी, तुमच्याइतकं बारीक कोण बघणार?" लोणी लावायला बरं जमतं त्याला. हो म्हटलं.

मग म्हणतो, "तुमच्या बहिणीलाही विचारू का मदतीला?"

म्हटलं, तिला फोटोंमधून सवड मिळाली तर विचार.

१३ नोव्हेंबर

जेवणाचं टेबल रिकामं केलं. एका बाजूला वहीचे फोटो, दुसऱ्या बाजूला माझी पानं. यांनी भिंग शोधून दिलं आणि विनाकारण पाठीमागे उभे राहिले. "उजेड अडवू नका." गेले.

मास्तरांचं अक्षर! पुढे झुकलेलं, घाईतलं, जणू वाऱ्यातून चाललेला माणूस. दोन जागी शाईचा डाग. एका समासात किराण्याची यादी — साबण, मेणबत्त्या, बुटांचे बंद.

पहिली व्हायोलिनं झाली. चूक नाही. दुसरी झाली. नाही. चेलो, बास — नाही. अठराव्या वर्षी मी बरी होते. उद्या व्हायोला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर आज वाईट येणार.

पाच आडव्या रेघांवर उभ्या रेघा मारून जे तुकडे पडतात त्यांना आम्ही वर्गात खण म्हणायचो. मास्तरांच्या वहीत शेवटच्या खणात सगळी वाद्यं आहेत, व्हायोलाही आहे, आणि तिथेच सगळी थांबतात. एकदम. दार लावल्यासारखी. पुढे काही नाही. दुहेरी रेघ, तारीख, सही.

माझ्या व्हायोलाच्या पानांवर तो शेवटचा खण सहाव्या पानाच्या तळाशी आहे. आणि सातव्याच्या माथ्यावर पुन्हा तोच. सातव्या पानावर आणखी काही नाहीच. मला आठवतं, तेव्हा वाटलंही होतं की एका खणासाठी अख्खा कागद वाया गेला. शाई वाळेपर्यंत थांबले असेन, कागद बदलला, आणि लिहिलेला खण परत लिहिला. नक्कल करणाऱ्याची सगळ्यांत बाळबोध चूक! छापखान्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचे — पान बदललं की मागची ओळ वाच.

म्हणजे मागे राहिलेली आई वगैरे काही नाही. धाकटीसाठी तर काहीच नाही. ती अठ्ठावन्न वर्षं माझी चूक वाजवतेय, मान कलती करून.

मी इतकी हसले की हे धावत आले. "काय झालं?" म्हटलं, उसण भरली.

१५ नोव्हेंबर

पुन्हा ताडलं. तीनदा. तसंच आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

सांगायचं तर माझी चूक चारचौघांत कबूल करायची. माझी! जिने मंत्र्याच्या भाषणातला स्वल्पविराम हलवला होता. न सांगायचं तर तो सूर पुस्तकात छापला जाणार, कायमचा, आणि खाली टीप येणार की अमुक बाईंसाठी लिहिला. वाचायला मी जिवंत असले तर माझं काय होईल?

यांना सांगून टाकलं. यांनी चष्मा पुसला.

"त्या सुराचा त्रास कोणाला होतोय?"

"मला."

"मग खोड."

"प्रश्न खरं-खोट्याचा आहे."

"मग तर खोडच," म्हणाले आणि पेपर उघडला. यांच्याशी भांडताही येत नाही धड.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तालमीला गेले. सगळ्यांसमोर सांगितलं. माझी पानं आणि वहीचा फोटो स्टँडवर शेजारी-शेजारी लावले आणि सिस्टरच्या आवाजात समजावून दिलं: हे सहावं पान, हे सातवं, ही चूक, ही माझी.

बासवाला म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही उगाच रडत होतो?"

मी धाकटीकडे पाहिलं. पाहायचंच होतं मला. तिने गज मांडीवर आडवा ठेवला.

"ताई, नक्की?"

"वही बघ की."

"वही नको. तू नक्की ठरवलंस का, एवढंच विचारतेय."

"चूक ती चूक. त्यात ठरवायचं काय?"

"बरं," म्हणाली. सातवं पान काढून तिने सहाव्याच्या मागे घातलं.

काडीवाल्याला वाईट वाटलेलं दिसलं, पण करतो काय — "मग आपण मास्तरांच्या वहीप्रमाणेच जाऊ." पुस्तकासाठी आलेल्या व्हायोलाच्या प्रुफावर शेवटच्या खणावर मी लाल काट मारली, समासात खोडायची खूण केली, सही केली. प्रूफ छापखान्यात गेलं. वळणदार आली होती काट.

२० नोव्हेंबर

झोप छान लागली. लिहून ठेवते.

२२ नोव्हेंबर

धाकटीचा फोन नाही. एरवी दिवसाआड असतो — गुडघा दुखतो, कामवाली आली नाही, ताई तू काय केलंस आज. बरंय. कानाला विसावा.

झोप लागली नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी चारला कार्यक्रम. सभागृह भरलेलं. मास्तरांची मुलगी पहिल्या रांगेत. चोपन्न-पंचावन्नची असेल, हनुवटी हुबेहूब त्यांची. मला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. मुद्दाम नोंदवते.

वाजवलं चांगलं. धाकटीचे खांदे थकलेत, पण हात अजून तरुण आहे. मान्य करावं लागेल.

शेवट आला. सगळे एकदम थांबले, वहीत आहे तसे, अगदी बिनचूक. आणि टाळ्या सुरू झाल्या. लगेच. एरवी त्या सुरानंतर कोणी हलत नाही, लोक आपल्या हातांकडे बघत बसतात. आज धाडकन टाळ्या. शेजारच्या बाईंनी पर्स उचलली.

मी वाट बघत होते. माझं डोकं बारा जणींच्या पुढे एक खण मोजत गेलं — एक, दोन, तीन, चार — आणि तिथे काही नव्हतं.

नंतर मास्तरांची मुलगी काडीवाल्याला विचारत होती, "आणि शेवटचा सूर?"

तो म्हणाला, "तुमच्या वहीत नाही तो."

"वहीत नसेल. पण बाबा घरी पियानोवर हे वाजवायचे ना, तेव्हा शेवटी सगळी बोटं उचलायचे आणि एक ठेवायचे. मी लहान होते, ते बोट ओढून काढायचे. बाबा काढू द्यायचे नाहीत."

काडीवाला गडबडला. "ती नक्कल करताना झालेली चूक होती. या आमच्या मावशी..." त्याने माझ्याकडे हात केला.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ओळख असल्यासारखं. म्हणाली, "म्हणजे मोठी तुम्ही."

मी काही विचारणार तोवर कोणीतरी तिला फोटोसाठी ओढून नेलं. ही कशी म्हणते मोठी? तिला काय माहीत कोण मोठी?

धाकटी व्हायोला पेटीत ठेवत होती. माझ्याकडे आली नाही. मीही गेले नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

धाकटी सकाळी सातला दारात. चहा नको म्हणाली. उभ्याउभ्याच बोलली.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, पहिल्या तालमीत तिने सातवं पान घेतलं आणि सगळे थांबल्यावर एकटीच वाजवत राहिली. मुली फिदीफिदी हसल्या. मास्तर हसले नाहीत. ते तिचं पान बघून गेले आणि तास संपल्यावर तिला एकटीला थांबवलं. म्हणाले, ‘हा खण माझा नाही, तुझ्या ताईचा आहे. मी सगळ्यांना एकदम थांबवलं होतं. ते खरं नव्हतं. हे राहू दे. तिला मात्र सांगू नकोस, ती खोडून टाकेल.’

"मग पेपरात तुझ्यासाठी म्हणून का सांगितलंस?"

"पेपरवाल्याने विचारलं, कोणासाठी लिहिला. काय सांगू? ताईची चूक आहे म्हणून? छापून?"

"तालमीत तरी बोलायचंस."

"त्यांना शब्द दिला होता. आणि तू किती खुशीत होतीस, ताई."

गेली.

खोडलेलं परत ठेवायचं असेल तर त्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘असू द्या’. लाल पेन पर्समध्ये टाकलंय. छापखाना नऊला उघडतो. आता आठ वाजून दहा मिनिटं झालीत. चपला घालून बसले आहे.