मी मिळवून दिलेला गूळ

१० जानेवारी १९७२
चिंचवड आवडलं! बॅटरीच्या कारखान्यात लागलो. शिशाच्या जाळ्यांवर राखाडी लेप भरायचा. सोबतीचा ज्योतीराम, त्याच्याच घरात मला खोली मिळाली. त्याची बायको गिरजाबाई मला भाऊजी म्हणते. चार वर्षांच्या सोनीने तर पहिल्याच दिवशी माझ्या ताटातली भाकरी पळवली.

२ फेब्रुवारी
शिशाची धूळ गुळानं उतरते, असं सगळे कामगार सांगतात. मालक गूळ देत नाही. आज फाटकावर गरजलो : गूळ ही भीक नव्हे, हक्क आहे! मुकादम हिंदुराव हसला. म्हणाला, भाषणानं तोंड गोड होत न्हाई, राव.

११ फेब्रुवारी
जिंकलो! शिफ्ट सुटताना प्रत्येकाला गुळाचा खडा. मी तिथंच खाल्ला. ज्योतीरामनं आपला सदऱ्याच्या टोकात बांधून सोनीला नेला.

२० मे
लेप भरणाऱ्या कोंडीरामच्या हिरड्यांवर निळी रेघ. माझ्याही पोटात कळा. मालक इतक्या लवकर नमला कसा? हिंदुराव गुळाला शिवत नाही. गुळात काहीतरी घालतात, नक्की.

६ जून
सोनी पोट धरून रडते, ओकते. हिंदुरावची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, गूळ चोख हाय, हात बघ, शिसं त्यावर हाय. त्याचे वडील छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. हात न धुता तसेच जेवायचे. मनगटं लुळी पडून गेले. आधी का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाला, तू मला मालकाचा कुत्रा म्हणाला असतास.
म्हणालो असतो.

७ जून
वाचनालयात शोधलं. हिरड्यांवरची निळी रेघ म्हणजे अंगात शिसं भिनल्याची खूण. रोमन लोक शिशाच्या भांड्यात द्राक्षरस आटवून वाइन गोड करत. शतकानुशतकं गोडातून शिसं प्याले. मी मागायला हवा होता नळ आणि साबण.

९ जून
फाटकावर बोललो : गूळ सोडा, हात धुवा, कपडे घरी नेऊ नका. मागून कुणीतरी ओरडलं, मालकाकडनं किती मिळाले रं? हशा. ज्योतीरामही हसला. माझाच आवाज, माझीच माणसं —

१५ जून
गिरजाबाई बोलत नाही. पोरीच्या तोंडचा घास काढतो म्हणे मी. सोनीला आज झटका आला. डोळे फिरले. डॉक्टर म्हणाले, जंत.

१९ जून
डाव्या हातानं लिहितोय. उजवा मनगटापासून लोंबतो. गिरजाबाई पाण्याला गेली. सोनीला खोलीत घेऊन आतून कडी लावलीय. शिफ्ट सुटली —
पावलं. ज्योतीराम. हाक मारतोय, सोने, गूळ घे गं —
उठली. नको बाळ — टाचा उंचावल्या — बोटं कडीला — मी उजव्यानं तिला धरतोय, पकड बसेना —